उघाडी

कोपरखैरणे, दुसरा मजला, मशीन नंबर चार.
मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सातची पाळी.
हसुराम केणी, वय एकसष्ट,
कोरडं वजन चौपन्न किलो.
आज भरलं सत्तावन्न पॉइंट दोन.
"पाणी किती प्यायलात?" विचारलं
की काका खिडकीबाहेर बघतात,
जसं ते पाणी तिकडेच कुठेतरी सांडलंय.

मी सुई टोचते. नळी लाल होत जाते.
शिफा नवी आहे, मुंब्र्याहून येते, वही घेऊन उभी असते.
तिला सांगते: या नळकांड्यात हजारो पोकळ धागे,
शिवायच्या दोऱ्याएवढे.
आतून रक्त, बाहेरून उलट्या दिशेनं आपलं द्रावण.
भिंतीला भोकं, इतकी लहान
की युरिया निसटतो, पोटॅशियम निसटतं,
रक्तातली पेशी अडते.
क्षारांना कुणी ढकलत नाही.
जिथे दाटी, तिथून मोकळीकडे, आपापले निघतात.
पाणी मात्र ओढून काढावं लागतं.

काका डोळे मिटूनच म्हणतात,
"यो त उघाडीचा काम हाय, पोरी."

मग घणसोलीचं आगर सांगतात,
जिथे आता चौदा मजले आहेत.
बांधाला लाकडी उघाडी.
उधाणाला वर करायची, भांगाला खाली.
"पानी आत, चिंबोरी भायेर."
कुंडीत पाणी उभं राहायचं,
ऊन पाणी न्यायचं, मीठ ठेवायचं.
पहाटे वर पापुद्रा धरला, की बापाला हाक मारायची.

शिफा विचारते, मीठ पाण्यात जातं कुठे?

जात नाही कुठे, मी म्हणते. फक्त फारकत होते.
सोडियमनं एक इलेक्ट्रॉन दिलेला, क्लोरीननं घेतलेला,
त्या देण्याघेण्यावर दोघांचा संसार.
पाण्याचा रेणू मुळात वाकडा:
ऑक्सिजन हावरा, सगळं आपल्याकडे ओढतो,
हायड्रोजनचे दोन कान एका बाजूला उघडे पडतात.
ऑक्सिजनची बाजू सोडियमला बिलगते, कान क्लोरीनला,
आणि दोघांभोवती पाण्याचा वेगवेगळा घोळका.

"म्हंजे भांडान लावनारा पानीच!"
काका हसतात. मशीन दाब वाढल्याचं दाखवतं.

नारळपाणी बंद का, हे त्यांना अजून पटलेलं नाही.
पेशीच्या आत पोटॅशियम, बाहेर सोडियम,
मी पुन्हा सांगते,
आणि दोन्ही सारखी झिरपत असतात,
म्हणून पेशी रात्रंदिवस उपसा करते.
तीन बाहेर, दोन आत. तीन बाहेर, दोन आत.
आपण झोपलो तरी.
उपसा थांबला की आतबाहेर सारखं होतं.

"झालावता तसा," काका म्हणतात.
जमिनी गेल्या त्या वर्षी
बांधावर माती टाकायला कुणी गेलं नाही.
उघाडी कुजली. भरती आली ती थेट शेतात.
"आगर, शेत, खारी, सगला एकच. सगला खारा."
मला पुस्तकातला शब्द आठवतो, साम्यावस्था.
तो मी शिफाला लिहून देत नाही.

तिसऱ्या तासाला काकांची पोटरी गोळा होते.
ओठ पांढरे, दाब नव्वदवर.
मी पाय उंचावते, पाणी ओढणं थांबवते,
सलाइन सोडते, शंभर मिली.
शिफा पोटरी दाबत राहते, पुटपुटत.
हळूहळू रंग येतो.

"काय दिलास?"
मीठ, मी म्हणते. मिठाचं पाणी.
ज्याच्या घरी मिठाची बरणी सुनेनं माळ्यावर ठेवलीय,
तो माणूस बाटलीकडे बघत राहतो.
"किती?"
लिटरला नऊ ग्रॅम.
"आन दर्याला?"
पस्तीसेक.
ते बोटांवर काहीतरी मोजतात,
डाव्या हातावर, ज्यात सुया नाहीत.
"पाव दर्या," म्हणतात. "पावाला जरा जास्तच."

साडेअकराला वजन चौपन्न पॉइंट चार.
शिफा द्रावणाचा कॅन बदलते.
जिन्यात काकांचा आवाज येतो,
सुनेला विचारतायत, आज कालवण कशाचं?
मी मशीन नंबर चार पुसून घेते.
बारा वाजताच्या बाई खाली आल्यात.